मिठाचा पांढरा थर

मी बोलतेय, पलंगाखालची बर्फाची पेटी. निळी, एका कडीची. दुसरी कडी बसथांब्यावर तुटली.

कारखान्यात माझ्या दोन भिंतींमध्ये फोम भरला आणि मला एकच काम शिकवलं. बाहेरची ऊब आत येऊ द्यायची नाही. त्या कामात मी कधी कमी पडले नाही.

ताईने मला धाकट्या भावासाठी विकत घेतलं. शाळा त्याला मानवली नव्हती. ती म्हणाली, "बारक्या, डोकं तापट आहे तुझं. थंड धंदा कर."

मग मी आणि बारक्या थांब्यावर पाणी आणि सरबत विकू लागलो. बर्फावर मूठभर मीठ टाकलं की गारवा आणखी वाढतो, हे तो तिथेच शिकला. सरबतात बर्फाचे कण दिसले की गिऱ्हाईक खूश. संध्याकाळी ताई यायची, माझ्या झाकणावर बसायची आणि दिवसभराचं सांगायची.

ताईला मूल हवं होतं. दोन वेळा तयार गर्भ पोटात ठेवला, दोन्ही वेळा रुजला नाही. एका संध्याकाळी ती भावोजींना घेऊन आली.

"डॉक्टरीणबाई म्हणतात, अंगाची राखण करणाऱ्या पेशी कधीकधी गर्भातला बापाचा अंश परका समजतात. त्यांना शांत करायला शिरेतून औषध देऊन बघू. पण खात्री नाही म्हणाल्या. सगळ्यांना लागू पडतंच असं नाही."

"म्हणजे इतक्या वर्षांनी मी अजून परकाच!" भावोजी म्हणाले.

"घोरता केवढं! घाबरणारच अंग."

तिघंही हसले. मीसुद्धा त्यांच्यातलीच होते तेव्हा.

औषध म्हणजे दुधासारख्या पांढऱ्या पाण्याची बाटली. ती गावाच्या दुसऱ्या टोकाला मिळायची आणि ऊन तर कडक. "मी आणतो," म्हणत बारक्या मला उचलून पळालाच. दुकानदार म्हणाला, "गार ठेव, पण गोठू देऊ नकोस." त्याने पहिलं तेवढंच ऐकलं. ताईचं औषध, त्याला साधा गारवा कसा पुरेल? त्याने भरपूर बर्फ घातला आणि वर दोन मुठी मीठ टाकलं.

दवाखान्यात नर्सने झाकण उघडलं. बाटली दगड झाली होती.

"वितळेल की आत्ता," बारक्या म्हणाला.

"वितळून उपयोग नाही, दादा. गोठल्यावर यातलं तेल पाण्यापासून सुटतं. शिरेत देता येत नाही."

ताई बाही वर करून पडली होती. तिने हळूच बाही खाली घेतली. "असू दे रे," ती म्हणाली.

डॉक्टरीणबाईंनी समजावलं, "औषध उद्या देऊ. एका दिवसाने काही बिघडत नाही." मी कोपऱ्यात होते, नीट ऐकलं. दुसऱ्या दिवशीची बाटली भावोजींनी आणली. गर्भ ठरल्याप्रमाणे ठेवला.

याही वेळी तो रुजला नाही.

त्या दिवशी बारक्याने मला इथे पलंगाखाली ढकललं. आता तो गोदामात पोती उचलतो. घरी येतो, भिंतीकडे तोंड करून पडतो.

एकदा ताई आली. तिने मला ओढून बाहेर काढलं, झाकण उघडलं. "मीठ धुतलं नाहीस अजून?"

"माझ्यामुळे गेलं, ताई."

"डॉक्टरीणबाई काय म्हणाल्या ते ऐकलंस ना?"

"तुझं मन राखायला म्हणाल्या त्या."

"बरं. परक्या बाईने माझं मन राखायचं, आणि तू माझ्याशी बोलायचंही नाहीस. मूल गेलंच रे. आता भाऊही घालवू?"

तो वळला नाही. तिने माझं झाकण लावलं आणि त्यावर बसली, थांब्यावर बसायची तशी. मग उठली, मी होते तिथे मला सरकवलं आणि गेली. त्यानंतर कुणीच आलं नाही.

माझ्या तळाशी अजून तो पांढरा थर आहे. ऊब अडवणं हे माझं काम, मला त्यासाठीच घडवलं. पण बारक्या, तू का शिकलास ते?

मला बाहेर काढ. तांब्याभर पाणी ओत, थर लगेच सुटेल. मग मला उचल आणि ताईकडे जा. आत काही नसलं तरी चालेल. तिला बसायला मी लागते.