गच्चीवरची बेटकी

हे मी खरं तर सांगायला नको होतं. दोघींनी मला वेगवेगळं बजावलं आहे, "कुणाला बोलू नकोस." गंमत म्हणजे दोघींचं गुपित एकच आहे, आणि ते त्या एकमेकींपासूनच लपवत आहेत. मधे उभी मी.

मी बेटकी. अमळनेरात भिकमचंदशेठच्या गच्चीवर, तेलाच्या गंजलेल्या डब्यात वाढलेलं झुडूप. जन्म मात्र इथला नाही. तापीच्या पात्रात खडकाचं एक लहानसं बेट होतं. त्याच्या फटीत मी उगवले. आमची सगळी जात नदीतल्या अशा बेटांवरचीच. पूर आला की आम्ही सगळ्या पाण्याच्या दिशेने आडव्या व्हायचो, दोन-दोन दिवस बुडून राहायचो, आणि पाणी उतरलं की गाळ झटकून उठायचो. एकीची पानं दुसरीला लागायची. तेव्हा त्याचं काही वाटत नसे.

शेठ तरुणपणी मित्रांबरोबर नावेने तिथे दाल-बट्टी करायला आले होते. जाताना त्यांनी मला उपटलं आणि ओल्या रुमालात गुंडाळलं.

"हाई बेटनं झाड शे, भाऊ," नावेवाले झिपरूआबा म्हणाले. "गावमा नही जगाव."

"पाहू ना, आबा."

मी जगले. पण काही वर्षांनी खाली धरण झालं, पाणी अडलं, आणि बेट बुडालं ते परत वर आलंच नाही. हे मला शेठच्या फोनवरच्या बोलण्यातून कळलं. सोन्याचा भाव सांगता सांगता त्यांनी तेही सांगितलं. त्या रात्री मला वाटत राहिलं, बाकीच्या अजून आडव्याच असतील, पाणी उतरायची वाट बघत.

गच्चीवर माणसं फोनवर बोलायला येतात. बोलता बोलता माझं एक पान तोडतात, चुरगळतात आणि टाकून देतात. आपण काही तोडलं हे त्यांना कळतही नाही. दर फाल्गुनात मला बारीक पांढरी फुलं येतात. आमच्यात फळ धरायला दुसऱ्या झाडाचे पराग लागतात. इथे दुसरं झाड नाही. फुलं गळतात आणि झाडूने भरली जातात.

माझ्याकडे नीट पाहणारी एकच, शेठची बहीण धनकुंवरबाई. शेठची मुलगी रुची तिला भुवा म्हणते. भुवा पाणी फडक्याने गाळल्याशिवाय पीत नाही, आणि मलाही गाळूनच घालते.

श्रावणात फैजपूरहून कॉलेजच्या मॅडम आल्या. रुचीने त्यांना माझा फोटो पाठवला होता. त्या माझ्यापुढे बराच वेळ उकिडव्या बसल्या.

"अशी जात आता कुठेच दिसत नाही," त्या म्हणाल्या. "माझ्याकडे दुसऱ्या एका बेटावरचं छोटं रोप आहे, तेवढंच. हिची मुळं स्लॅबच्या भेगेत गेलीत, हलवली तर मरेल. खोडही पोखरलंय. पुढचा उन्हाळा निघणं कठीण. आत्ताच एक फांदी कापून लावायला हवी."

"चहा घ्या, मॅडम. पण कात्री नको," भुवा म्हणाली. "चौमासा लागलाय. चार महिने मी हिरव्याला कात्री लावत नाही, लावू देत नाही. नेम आहे माझा."

"तोवर पाऊस जाईल, ताई. मग फांदी धरणार नाही."

"नाही तर नाही."

मॅडम गेल्यावर रुची रडवेली झाली. "तुझ्या नेमापायी ती मरेल, भुवा."

"याच नेमाने ती इतकी वर्षं जगली," भुवा म्हणाली आणि खाली गेली.

संध्याकाळी शेजारच्या गच्चीवरून रुचीची मैत्रीण जीनत आली. तिने सगळं ऐकून घेतलं.

"कापू नको म्हणतात ना? मग वाकवू. आमची अम्मी मोगऱ्याला करते. फांदी दुसऱ्या डब्यातल्या मातीत दाबायची, वर दगड ठेवायचा. आईला जोडलेलीच राहते आणि खाली मुळं फुटतात."

"भुवाला दिसलं तर?"

"वर तुझी ओढणी वाळत घाल."

"रोज?"

"मग रोज धू. तशीही मळकीच असते."

माझी खालची फांदी त्यांनी हळूहळू वाकवली. वाकणं मला नवीन नव्हतं. "भुवाला बोलू नकोस," रुची माझ्या पानांशी पुटपुटली.

दुसऱ्या दिवशी सकाळी भुवाने ओढणी उचलली. दगडाखाली एक पान अडकलं होतं, ते तिने सोडवलं. मग गाळलेलं पाणी दोन्ही डब्यांत ओतलं.

"बेटके, पोरींना सांगू नको," ती म्हणाली. "मी पाहिलं म्हटलं तर मला रागवावं लागेल." आणि ओढणी होती तशी घातली.

तेव्हापासून रोज तसंच. रुची घाईत यायची, वाटी उपडी करून पळायची. तिला वाटे, माती तिच्याच वाटीभर पाण्याने ओली राहते. कोजागिरीच्या सुमारास दगडाखाली मुळं फुटली. किती वर्षांनी माझ्या शेजारी कुणीतरी पाणी पीत होतं. मीच होते ती, हे ठाऊक होतं. तरी रात्री बरं वाटायचं.

आज कार्तिकी पौर्णिमा. चौमासा उठला. आता जोड कापायची आणि मुळं फुटलेली ती फांदी फैजपूरला मॅडमच्या त्या दुसऱ्या रोपाशेजारी जाणार. जिन्यावर पावलं वाजत आहेत. मॅडम, रुची, जीनत, मागून भुवा.

"भुवा, रागावू नकोस," रुची ओढणीपुढे आडवी उभी राहिली, "इथे ना, एक..."

"सरक. श्रावणापासून एकच ओढणी वाळतेय, मला काय डोळे नाहीत? द्या मॅडम, कात्री माझ्याकडे. तुमचा हात घाईचा."

जीनत तोंडावर हात ठेवून हसते आहे. रुची ओढणी उचलून बाजूला होते आहे. मला फार वेळ नाही, म्हणून एवढंच सांगते. तिला सकाळचं ऊन द्या. बोलता बोलता तिचं पान तोडू नका. मी पुढच्या उन्हाळ्यात असेन, नसेन. पण त्या दोघांना कधी फळ धरलं, तर त्यातलं एक बी इथे आणून माझ्या

"बेटके, आता हलू नको."