जागृत शेवगा

आमच्या ग्रुपमधली सुरुची एका पायावर उभी होती आणि आम्ही सगळे श्वास रोखून तिच्याकडे पाहत होतो. वसईजवळच्या गिरीजमधल्या निकोलसकाकांच्या वाडीत, केळींच्या पुढ्यात. तिने उजवा हात आडवा पसरला होता. तरुनाथ महाराजांनी तो दोन बोटांनी दाबला आणि सुरुची कलंडली.

"बघितलंत? मुळंच नाहीत!" महाराज गरजले. त्यांनी तिच्या डाव्या मुठीत एक लाकडी मणी ठेवला. "आता वृक्षाची कंपनं थेट पेशींत. परदेशी शास्त्रज्ञांना हे ठाऊक आहे, पण ते बोलत नाहीत!"

पुन्हा हात दाबला. सुरुची हलली नाही. टाळ्या पडल्या. सगळ्यात जोरात माझ्या.

महाराजांना बोलावलंही मीच होतं. शनिवार-रविवारी जव्हारच्या डोंगरात पाठीवर सामान घेऊन चालायचं आणि रात्री झाडांना हॅमॉक, म्हणजे झोळ्या, बांधून झोपायचं, असा आमच्या ग्रुपचा बेत होता. नियोजन माझ्याकडे, कारण मी भौतिकशास्त्राचा पदवीधर आणि इंटरनेटवर चाळीसेक व्हिडिओ पाहिलेला माणूस. त्यातच हे महाराज सापडले. झोळीचं वजन कोणतं झाड पेलेल ते मणी सांगतो, म्हणे. झाडं पारखायला शिकण्यापेक्षा हे सोपं होतं. वाडीतल्या सरावाला मी त्यांना गाडी पाठवून आणवलं.

महाराज मणी दोऱ्याला टांगून झाडाझाडापाशी फिरले. कुंपणाजवळच्या शेवग्यापाशी मणी गरगर फिरू लागला.

"हा जागृत आहे!"

"अरे सदानंद, शेवगा तो," निकोलसकाका म्हणाले. "शेंगा काढायलापन आम्ही त्याच्यावर चढत नाय. कटकन मोडतो."

"काका, ही ऊर्जेची गोष्ट आहे," मी समजूत घातल्यासारखं हसलो. ते हसू आठवलं की अजून कानशिलं तापतात.

शेवगा आणि शेजारची नारळी यांना मी झोळी बांधली, ऐटीत आडवा झालो आणि फोटोसाठी अंगठा वर केला. कटकन आवाज आला. पुढच्या क्षणी मी पाटाच्या चिखलात पाठीवर पडलो होतो, अंगावर शेवगा, आणि अंगठा अजून वरच.

"मनात शंका होती!" महाराज तत्काळ म्हणाले.

आणि मला, चिखलात पडल्या पडल्या, खरंच वाटलं: होती की काय? बाकीच्यांनाही पटलं. माझ्यासारखं होऊ नये म्हणून लोक मण्यासाठी पुढे सरकू लागले.

मला उठवायला निकोलसकाकांची मुलगी प्रिस्का आली. ती फिजिओथेरपिस्ट, आमच्याच ग्रुपमधली. तिने आधी माझी मान, कंबर तपासली.

"दोन फूट उंचीवरून पडलास म्हणून धड आहेस," ती म्हणाली. "खाली दगड असता तर? जव्हारच्या डोंगरातून तुला उचलून कुठल्या हॉस्पिटलात नेलं असतं आम्ही?"

मग ती महाराजांकडे वळली. "महाराज, एका रुमालात मणी बांधते, दुसऱ्यात सुपारी. कशात काय ते तुम्हाला सांगणार नाही. एकेक रुमाल सुरुचीच्या मुठीत देते, तिचा हात दाबून ओळखा."

"कंपनांची परीक्षा घेत नसतात, ताई."

"मघाशी तर घेतलीत."

लोक हसले. महाराजांना दाबावाच लागला हात. रुमाल सोडून पाहिले, तर सुपारीच्या वेळी सुरुची खांबासारखी उभी राहिली होती, मण्याच्या वेळी कलंडली होती.

"आता मी दाखवते, मण्याशिवाय," प्रिस्का म्हणाली. "मनगटावर दाबायचं आणि हळूच बाहेर ओढायचं. तोल जातो. दुसऱ्यांदा कोपराजवळ, दाब अंगाकडे. माणूस पक्का उभा राहतो. आणि टांगलेला मणी धरणाऱ्याच्या बोटांनी फिरतो. झाडाचा त्यात काही संबंध नाही."

एकेकाने एकमेकांना ढकलून पाहिलं. ग्रुपमधल्या दीपेशने तर स्वतः महाराजांनाच एका पायावर उभं राहायची विनंती केली. तेव्हा त्यांना वसईतली दुसरी एक भेट आठवली आणि ते घाईने निघाले.

त्या संध्याकाळी काकांनी आम्हाला झाड पाहायला शिकवलं: जिवंत आहे का, बुंधा ठोकल्यावर पोकळ वाजतो का, मुळाशी वाळवी आहे का. झाडाला पट्टा बांधून आधी सगळा भार टाकून ओढायचं, आणि झोळी खुर्चीच्या बैठकीइतकीच उंच ठेवायची. मी पुढे बसलो होतो, पाठीला शेक घेत.

पडताना माझी पदवी कामी आली नाही, कारण मी ती वापरलीच नव्हती. शंका घेणं हा कुणाचा अपमान नसतो. तेव्हा चमत्कार दाखवणारा समोर आला की टाळी वाजवण्याआधी नम्रपणे एवढंच म्हणा: आता तुम्हाला उत्तर ठाऊक नसताना पुन्हा करून दाखवा.