रविवारचं सपाट पाणी

युद्धाच्या तिसऱ्या वर्षीचा तो रविवार. आमच्या लुईस बेटावर वारा पडतो तो क्वचित, त्या दिवशी पार पडला होता. मामा-मामींबरोबर चर्चहून किनाऱ्याने परतताना खाडी दिसली. समोरचा डोंगर तिच्यात जसाच्या तसा उलटा उभा होता. मला ते आवडलं नाही.

तेवढ्यात हवाई दलाचं पाण्यावर उतरणारं विमान डोंगरामागून आलं. रविवारी ही विमानं येत नसत. या विमानाचा एक पंखा थांबला होता. त्यातून संकटाच्या खुणेचा लाल बाण सुटला.

"मामा, बोट काढा. पाणी ढवळायला हवं," मी ओरडले.

एरवी ते काम टॉर्किलमामांचंच. पाणी आरशासारखं असलं की ते नेमकं किती खाली आहे हे वैमानिकाला कळत नाही. मोटारबोटीने लाटा उठवल्या की पाणी दिसतं.

"आज वार कुठला?" मामा म्हणाले. ते चर्चच्या पंचांतले; रविवारी कुठलंही काम करणं त्यांच्या लेखी पाप.

"माणसं मरतील, मामा!"

"बुडणाऱ्याला काढणं ही दया. ती रविवारी चालते. अजून कोण बुडालंय?"

"म्हणजे आधी बुडू द्यायचं?"

"जिभेला लगाम घाल, पोरी."

"तिला कशाला गप्प करता?" रेचलमामी कडाडली. तिने बायबल दगडावर ठेवलं आणि बोटीला खांदा लावला. "पाप माझ्या नावावर. ये गं."

आम्ही दोघींनी जोर लावला. बोट गोट्यांत रुतलेली, तसूभर हलेना. विमान वरून घिरट्या घालून पुन्हा वळलं. मामा तिथेच उभे, ओठ हलत होते.

विमान खाली आलं. अजून उंची आहे अशा समजुतीत, नाक खाली ठेवूनच ते पाण्यात शिरलं. आधी पंख मोडलेला दिसला, आवाज नंतर आला.

मामा धावले. त्यांचा खांदा लागताच बोट सरकली.

पाच जण निघाले. वैमानिक निघाला नाही.

किनाऱ्यावर घोंगडीत गुंडाळलेला विमानातला एक तोफची थरथरत होता. मामी त्याच्या तोंडाला चहा लावत होती. त्याने कप बाजूला सारला.

"आज तुमची बोट नव्हती का? आम्ही वाट पाहत घिरट्या घातल्या."

"पी आधी," मामी म्हणाली.

"नव्हती का?"

मामांच्या काळ्या कोटातून पाणी निथळत होतं.

"होती," ते म्हणाले.