पान एकशे सत्तेचाळीस

टेलरबाई पहिल्यांदा नापास झाली ती गुर्मीत. 'वाचन आणि ग्रंथालयातला शोध' हाही काय विषय झाला? पुस्तक काढायचं, वाचायचं, परत ठेवायचं, त्यात शिकायचं काय डोंबल, असं तिला वाटलं होतं. आता दुसरी आणि शेवटची संधी होती. यात आपटली की पदवीचा प्रवेशच रद्द. बावीस वर्षं लोकांचे कपडे शिवून लेकीला शिकवलं, मग पंचेचाळिसाव्या वर्षी स्वतः विद्यापीठात बसली, ती काय हात हलवत घरी यायला?

परीक्षेचं काम असं होतं, की पुस्तकातलं एक विधान घ्यायचं आणि संदर्भांच्या मागं मागं जात ते मुळात कुठं लिहिलंय तिथपर्यंत पोचायचं. टेलरबाईनं रागाच्या भरात निवडलं. शिकवणाऱ्या सरांच्याच पुस्तकात छापलं होतं, की शिवणकाम करणाऱ्या दर तीन बायकांत एकीची नजर दहा वर्षांत अधू होते. आणि ही अजून चष्म्याशिवाय सुईत दोरा ओवते! लेकीनं बजावलं, पाण्यात राहून माशाशी वैर नको, मार्क सरांच्याच हातात आहेत. पण ऐकेल तर ती टेलरबाई कसली.

सरांनी तळटीपेत एका जुन्या अहवालाचं नाव दिलं होतं, पान एकशे सत्तेचाळीस. अहवाल कपाटात नव्हता. मग तिनं त्याच विषयाची आणखी तीन पुस्तकं काढली. तिन्हींत तेच विधान, तोच अहवाल, तेच पान. बाबावाक्यं प्रमाणम् म्हणून दुसरं कुणी चहा प्यायला गेलं असतं. हिनं दोन दिवस ग्रंथपालबाईंचं डोकं खाल्लं. शेवटी, मुदतीला दोन तास उरले असताना, त्या तळघरातून एक पिवळा पडलेला अहवाल घेऊन आल्या.

टेलरबाईनं शेवटपर्यंत पानं उलटली. मग परत उलटली. अहवाल ब्याण्णव पानांवर संपत होता.

ब्याण्णव पानांच्या अहवालात एकशे सत्तेचाळिसावं पान यायचं कुठून? कुणीतरी आकडा चुकवला होता आणि बाकीच्या विद्वानांनी मूळ न उघडता एकमेकांचं बघून उतरवला होता. शाळेतली पोरं बरी! तिनं बोट ठेवून पहिल्यापासून वाचायला घेतलं, आणि सत्तेचाळिसाव्या पानावर ते सापडलं. पाहणी एकाच कारखान्याची होती. बिनखिडकीच्या खोलीत तिघींमागे एकीची नजर अधू झाली होती. शेजारच्या उजेडाच्या खोलीत तेच काम करणाऱ्या एकीचीही नाही.

दोष शिवणाचा नव्हता, अंधाराचा होता. तिला इतका आनंद झाला, की तिनं ग्रंथपालबाईंना मिठीच मारली.

मग तिच्या ध्यानात आलं. हे सरांना सांगायचं म्हणजे तुम्ही न वाचताच लिहिलंत असं तोंडावर म्हणायचं. एखादं सोपं विधान उरकून गुपचूप पास होण्याइतका वेळ अजून होता. क्षणभर तिला मोहही झाला. पण हाती लागलेलं खरं असं कपाटात ठेवून द्यायचं तिच्या जिवावर आलं. अहवाल काखोटीला मारून ती तरातरा सरांच्या खोलीत गेली.

सरांनी सत्तेचाळिसावं पान उभ्यानंच वाचलं. शेवटच्या पानाचा आकडा पाहिला. त्यांचे कान लाल झाले. आटोपलं आपलं, टेलरबाईच्या मनात आलं.

"मी हा अहवाल आज पहिल्यांदा उघडतोय," सर म्हणाले. मग त्यांनी तिच्यासाठी खुर्ची ओढली आणि स्वतः कोरा कागद घेऊन बसले. "बसा. सुरुवात कुठून केलीत? सगळं सांगा."

आणि ती जी सुटली! चार पुस्तकं सालाप्रमाणे कशी लावली, सगळ्यांत जुन्या पुस्तकातच आकडा कसा चुकलेला दिसला, सगळं. सर भराभरा लिहून घेत होते, मध्येच थांबवून परत विचारत होते. तास कसा गेला दोघांनाही कळलं नाही.

बाहेर आली तर लेकीचे सात फोन येऊन गेले होते. तिनं फोन लावला.

"पास की नापास?" लेकीनं विचारलं.

टेलरबाई जिन्यातच थबकली. "अगं, ते विचारायचं राहूनच गेलं."

परत जा आणि विचार, म्हणून लेक ओरडायला लागली.

"आता नको," टेलरबाई दोन-दोन पायऱ्या उतरत म्हणाली. "आकडा चुकवणाऱ्या त्या पहिल्या माणसानं आणखी काय काय लिहिलंय ते बघायचंय मला. ग्रंथालय अजून अर्धा तास उघडं आहे."