चाळीस खोक्यांचं कुंकू

पहिल्याच खोक्याला कार्डं वाचणारं मशीन अडलं. दुसऱ्यालाही अडलं, तेव्हा पुण्याहून कॉम्प्युटर खात्याचे प्रमुख म्हणून आलेल्या लिमये इंजिनिअरांनी पहिली दोन कार्डं ओढून काढली. ती एकमेकांना चिकटली होती आणि मध्ये ओलं कुंकू होतं.

साल शहात्तर. सांगलीजवळच्या त्या साखर कारखान्यातला कॉम्प्युटर तोच राहणार होता, पण त्याचा कारभार हाकणारी ऑपरेटिंग सिस्टिम नवी यायची होती. हंगामाआधी ऊसवाल्या सभासदांची सगळी कार्डं तपासून तिच्या हवाली करायची, म्हणून राजमती मगदूम दोन महिने मान वर न करता बसली होती. सभासदांची नावं-आकडे कॉम्प्युटरला वाचता यावेत म्हणून आठ वर्षं ती कार्डांना भोकं पाडत आली होती. नवी सिस्टिम शिकायला पुण्याला एकीला पाठवणार होते, आणि तिचं नाव जवळजवळ ठरलं होतं. नवरा गेल्यापासून तिनं स्वतःसाठी एवढं एकच मागितलं होतं.

आज खंडेनवमी. सकाळी वर्कशॉपात पान्यांची, इकडे मशीनची पूजा झाली. दर वर्षीसारखं राजमतीनं प्रत्येक खोक्यातल्या पहिल्या कार्डाला कुंकू लावलं. एरवी दसरा झाला की ती कार्डं गुपचूप नवी पाडायची. यंदा दुपारीच चाचणी निघाली आणि ती जेवायला गेली असताना खोकी उचलली गेली.

हे कुणी केलं, असं लिमयांनी विचारलं. खोकी वाहणारा म्हातारा शिपाई धुळा पुढं झाला.

"माझ्या हाताला कुकू हुतं सायेब. माझ्याच हातनं झालं."

त्याला सगळं ठाऊक होतं. कुंकवाची वाटी त्यानंच तर धरली होती. लिमये त्याला उद्यापासून येऊ नकोस म्हणाले. त्याची नोकरी दीड वर्ष उरली होती.

राजमतीनं पदर सारखा केला.

"धुळामामा खोटं बोलत्यात, साहेब. कुंकू मी लावलं. खोकी आजच नेतील हे ध्यानात आलं न्हाई."

"गप की गं पोरी," धुळा पुटपुटला.

कार्डांवरची छापील नावं कुंकवात बुजली होती. राजमतीनं एक कार्ड उजेडाला धरलं आणि भोकं वाचून सांगितलं, कडेगावचे नाथाजी यादव. दुसरं वाचलं, तिसरं वाचलं. लिमये जुन्या यादीत बघत होते, एकही चुकलं नाही.

यादी मिटून ते म्हणाले की धुळा कामावर राहील. पुण्याला मात्र त्रिशला जाईल. त्रिशला राजमतीच्या हाताखाली शिकलेली, कामाला लागून वर्षच झालेली. तिला वर बघवेना. राजमतीनं तिला जवळ बोलावून पुण्यात थंडी फार असते, शाल ने, एवढं सांगितलं आणि आपल्या जागी जाऊन बसली.

चाळीस खोक्यांतली चिकटलेली दोन-दोन, अशी ऐंशी कार्डं नव्यानं पाडायची होती. धुळा साबणानं हात धुऊन आला, धोतराला पुसले, आणि एकेक कोरं कार्ड कडेला धरून तिच्यापुढं करू लागला. सहाचा भोंगा झाला. बाहेर सायकली निघाल्या. दोघांपैकी कुणीच उठलं नाही.