बुडबुडा न येऊ देता

"दादा, तुझा स्टिकर बघूनच आत गेलो रे आम्ही," धाकटी बहीण म्हणाली. कॉटवर तिची मुलगी सलाइन लावून पडली होती. बर्गर खाल्ल्यापासून तिच्या पोटात पाणी ठरत नव्हतं.

शहरातल्या फास्टफूडवाल्यांच्या संघटनेत हे दादा कारकून. सगळे त्यांना स्टिकरभाऊ म्हणत. सभासदांची स्वयंपाकघरं बघायची, फ्रीजरमध्ये हात घालायचा, तळणाचं तेल बघायचं आणि मगच दारावर संघटनेचा सोनेरी 'स्वच्छ स्वयंपाकघर' स्टिकर लावायचा. आणि लावायचा म्हणजे कसा? काच स्वतःच्या रुमालाने पुसून, अगदी मधोमध, एक बुडबुडा न येऊ देता. "पोराला अंघोळ घालून पुसावं तशी काच पुसतात आमचे भाऊ," असं अध्यक्ष चेष्टेने म्हणत, आणि भाऊ मनातून सुखावत.

त्या बर्गरवाल्याकडे ते स्टिकर लावायला गेले होते तेव्हा दुपारची झुंबड होती. मालकाने थंड कॉफी पुढे केली. "आत पाय ठेवायला जागा नाही, भाऊ. तुम्ही काय परके आहात का? लावून टाका."

भाऊंनी कॉफी संपवली, काच पुसली, स्टिकर लावला. स्वयंपाकघराचं दार त्यांनी ढकललंसुद्धा नाही.

"रात्री फ्रीजर बंद ठेवायचा म्हणे मेला, बिल वाचवायला," बहीण सांगत होती. "तू बघून गेल्यावर सुरू केलं असेल हे. तू तरी काय करणार?"

"हं," भाऊ म्हणाले.

म्हटलं आणि त्यांना स्वतःचीच किळस आली. भाचीने डोळे किलकिले केले. "मामा, आईला ओरडू नकोस हं. मीच हट्ट केला." भाऊ उठले आणि बाहेर पडले.

जिन्यात अध्यक्षांचा फोन आला. "तपासून लावला होता, एवढंच सांगा सगळ्यांना. बाकी मी निस्तरतो."

भाऊ तडक त्या दुकानावर गेले. शटर अर्धं खाली होतं, आत कुणी नव्हतं. ते उभ्या उभ्या नखांनी स्टिकर खरवडू लागले. निघेल तर शपथ. इतका नीट चिकटवला होता की नुसते कपटे निघत होते. पिशवी घेऊन चाललेल्या एका बाईने हटकलं, "अहो, कशाला काढताय? तपासलेलं दुकान आहे ते."

"नाही तपासलेलं," भाऊ म्हणाले.

हे एकदा तोंडातून निघालं म्हणून परत जायचं बळ आलं. वॉर्डात बहीण मुलीला चमच्याने पाणी पाजत होती.

"मी आत गेलोच नव्हतो," भाऊंनी सांगितलं. "कॉफी प्यायलो आणि लावला."

चमचा तसाच थांबला. मग तिने तो मुलीच्या ओठांना लावला, ग्लास खाली ठेवला, पांघरूण सारखं केलं. 

"झोपू दे तिला," ती शेवटी म्हणाली. "तू जा आता."

कुठेही असली तरी दादा निघाला की ती दारापर्यंत यायची, काहीतरी आठवून पुन्हा थांबवायची. भाऊ वॉर्डच्या दाराशी थोडे रेंगाळले. ती पाठमोरीच बसून राहिली. नखांत अडकलेला सोनेरी चुरा काढत भाऊ जिना उतरू लागले.