बळवंतची वैतरणा

बळवंतच्या घरात वैतरणा नदी दरवर्षी थोडी रुंद होत असे. केयूर लहान होता तेव्हा गोष्ट एवढीच होती, की बाबांनी कॉलेजात असताना पैज लावून ती पोहून पार केली. दीप्ती शाळेत जायला लागली त्या वर्षी नदीला पूर आला. त्यानंतर त्या पुरात कुणाचा तरी बैल वाहत आला, आणि बाबांनी एका हाताने त्याचं शिंग धरून त्यालाही काठाला लावलं. जेवताना दीप्ती म्हणायची, "बाबा, बैलाचं सांगा ना." मग ताटात हात वाळेपर्यंत बळवंत सांगत बसायचा.

खरी गोष्ट अशी होती की त्या दिवशी चार मित्र नदीत उतरले होते आणि बळवंत त्यांचे कपडे सांभाळत काठावर बसला होता. त्याला पोहता येत नव्हतं. जव्हारच्या एसटी आगारात नुसत्या आवाजावरून इंजिनाचं दुखणं ओळखणारा हा माणूस, पण गुडघाभर पाण्यात उतरला की त्याच्या छातीत धडधडायला लागायचं.

एकोणीसशे नव्याण्णवच्या दिवाळीत त्याच्या बायकोने, सुमनने, हट्ट धरला. ती शाळेच्या कार्यालयात कारकून होती. सगळी दुनिया हवा खायला जव्हारला येते आणि आपण मात्र कुठेच जात नाही, असं तिचं म्हणणं होतं. पोशेऱ्याच्या पुढे, डोंगराच्या कुशीतल्या एका तलावाकाठी मुंबईच्या एका डॉक्टरांनी हौसेने दोन खोल्यांचं कौलारू घर बांधलं होतं. डॉक्टर वर्षातून एकदा येत, बाकीचे दिवस ते भाड्याने देत. भाऊबीज झाल्यावर सोमवारी चौघं तिथे पोहोचली. पुढच्या रविवारच्या दुपारच्या गाडीने परतायचं ठरलं.

घराची देखभाल धोंडीबाई करायची. साठीची, काटक बाई. घरामागच्या पाड्यावर राहायची. तिने कुलूप काढलं, चूल दाखवली, आणि पाण्यात कुठपर्यंत जायचं तेही दाखवलं. काठापासून साठेक पावलांवर पाण्यातून एक काळा खडक वर आला होता. पाड्यावरची पोरं त्याला कासव म्हणायची.

दीप्तीने खडकाकडे पाहिलं आणि मग बाबांकडे. "बाबा, तुम्हाला तर हे काहीच नाही ना?"

"काहीच नाही," बळवंत म्हणाला, आणि त्याच क्षणी त्याला कळलं की आपण फसलो.

त्या संध्याकाळी पाणी फार गार होतं. दुसऱ्या दिवशी दुपारी नुकतंच जेवण झालं होतं. संध्याकाळी कानात दुखायला लागलं. केयूर तेरा वर्षांचा होता, आणि त्या वयात बापाचं बोलणं तोलून पाहावंसं वाटतंच. तो म्हणाला, "बैल असता तर गेले असते बाबा." सुमनने तोंडावर पदर घेतला. दहा वर्षांच्या दीप्तीला मात्र राग आला. रविवारी जायच्या आधी बाबा कासवापर्यंत जाऊन येतील, सगळ्यांनी काठावर उभं राहून बघायचं, असं तिने जाहीर करून टाकलं. तिच्या आवाजात शंकेचा कणही नव्हता, आणि बळवंतला सगळ्यात जास्त भीती त्याचीच वाटली. केयूरचं हसणं त्याने सोसलं असतं. रविवारी दीप्तीचा चेहरा कसा होईल, ते त्याला डोळ्यांसमोर आणवेना.

बुधवारी तांबडं फुटायच्या आत तो धोंडीबाईच्या दारात उभा राहिला आणि मान खाली घालून त्याने सगळं सांगितलं. बैलासकट.

धोंडीबाई हसली नाही. तिने आढ्यावरून पांगाऱ्याचा एक सुका ओंडका काढला. पांगाऱ्याचं लाकूड वाळलं की पिसासारखं हलकं होतं. पाड्यावरची सगळी पोरं तो पाठीला बांधूनच पोहायला शिकलेली. घराच्या आडोशाला तलावाचा एक कोपरा आत वळला होता, तिथे ती बळवंतला घेऊन गेली. पण त्या दिवशी ओंडका काठावरच राहिला. तिने त्याला फक्त पाण्यात तोंड घालून डोळे उघडायला लावलं आणि तळाशी किती गोटे दिसतात ते विचारलं. नाकातोंडात पाणी गेलं, ठसका लागला. सहाव्या खेपेला त्याने सात गोटे मोजले.

"बस," धोंडीबाई म्हणाली. "आज एवढंच."

"एवढंच? रविवार चार दिवसांवर आलाय, बाई."

"दादा, पोराला एका दिसात एकच गोष्ट शिकवावी. दोन शिकवल्या की तो दोन्ही विसरतो."

घरी परतताना बळवंतला आगारातली नवी शिकाऊ पोरं आठवली. एखाद्याच्या हातात पाना येतो न येतो, तोच त्याला दहा चुका ऐकवायच्या, आणि अकरावी झाली की वर ओरडायचं, ही त्याची शिकवायची रीत होती. त्याला जरा लाज वाटली.

गुरुवारी ओंडका पाठीवर चढला. दप्तर लावलेल्या पोरासारखा दिसत होता तो. धोंडीबाईने त्याला पाण्यावर पालथं पडून राहायला सांगितलं. हात नाही, पाय नाही, नुसतं पडायचं.

"म्हशीला कोनी शिकवलं काय पोहायला? ती घाबरत नाय, म्हनून तरते. तू पान्याशी भांडतोस."

भांडण थांबायला तासभर लागला. मग एकदम त्याच्या मानेतला ताठा सुटला आणि पाण्याने त्याला उचललं. इतकी वर्षं ज्याच्या भीतीने तो काठाकाठाने चालला, ते पाणी असं हातावर झेलतं, हे त्याला खरंच वाटेना. शुक्रवारी पाय झाले, बेडकासारखे मारायचे. ओंडक्याच्या जोरावर तो त्या कोपऱ्यात दोनदा आरपार गेला.

त्याच सकाळी, धड्यावरून परतल्यावर, घोटाळा झाला. घरी आणलेला ओंडका त्याने सरपणाच्या आड ठेवला होता. सुमनला नेमकं तेच लाकूड चुलीत घालायला बरं वाटलं. त्याने ते तिच्या हातातून ओढून घेतलं, तेव्हा केयूरने विचारलं की लाकडासाठी एवढं काय? बळवंत काहीतरी पुटपुटला आणि ओंडका शर्टाखाली धरून बाहेर सटकला. कुणाला दिसू नये म्हणून त्याने तो त्या कोपऱ्यातच पाण्याखाली ठेवला आणि वर दोन मोठे दगड रचले. स्वतःच्या हुशारीवर तो खूष झाला. मनात त्याने एक बेतही आखला होता. रविवारी सैल शर्ट घालायचा, ओंडका आतून बांधायचा आणि जायचं. लांबून कुणाला काय कळणार?

शनिवारी पहाटेच केयूर गळ घेऊन त्याच कोपऱ्याच्या काठावर जाऊन बसला आणि दिवसभर उठला नाही. धोंडीबाईकडचा धडा बुडाला.

रविवारी उजाडता उजाडता बळवंतने दगड बाजूला केले. ओंडका वर उसळला नाही. हाताने वर काढला तर तो गूळ भरलेल्या पोत्यासारखा जड लागला. पाण्यावर सोडला तर संथपणे पुन्हा खाली बसायला लागला.

धोंडीबाई मागे येऊन उभी होती. या खेपेला मात्र ती हसली, पोट धरून हसली. तिच्या साठ वर्षांत पांगारा पाण्यात लपवणारा माणूस तिने पहिल्यांदाच पाहिला होता. "दोन दिस पानी पिऊन बसलाय तो. आता याला उन्हात पंधरा दिस हवेत."

"मग मी काय करू?"

"तुला आता पाय आलेत. मी डोंगी घेऊन बाजूनं येते. दमलास तर बांबू धर. पन त्याच्यावर डोळा ठेवून जाऊ नको."

"बाबा, ते काय आहे?"

दीप्ती वाटेवर उभी होती. रविवार म्हणून ती सगळ्यांच्या आधी उठली होती. ओंडका, त्याची दोरी, ओला शर्ट, सगळं तिच्यासमोर होतं. सरपण आहे, असं म्हणता आलं असतं. पोटात मुरड पडली, असंही म्हणता आलं असतं. सुमन आणि केयूरही मागून येत होते. बळवंतने ओंडका खाली ठेवला.

"पोहायला शिकण्याचं लाकूड आहे, दीप्ती. मी वैतरणा कधीच पोहलो नाही. मित्र पोहले. मी त्यांचे कपडे सांभाळत बसलो होतो."

दीप्तीने वाकून ओंडक्याच्या दोरीला हात लावला. "आणि बैल?"

"बैलही नव्हता."

केयूरसुद्धा हसला नाही. सुमनच्या चेहऱ्यावर मात्र आश्चर्य नव्हतं. लग्नानंतर पहिल्याच वर्षी त्या मित्रांपैकी एकाने तिला सगळं सांगितलं होतं.

"मला परवापर्यंत पोहता येत नव्हतं," बळवंत म्हणाला. "आता थोडं येतं. कासवापर्यंत पोहोचेन की नाही, ठाऊक नाही. पण या वेळचं तू डोळ्यांनी बघ."

त्याने शर्ट काढून काठावर ठेवला आणि पाण्यात शिरला. पाणी छातीला लागलं तशी जुनी धडधड सुरू झाली. त्याने तोंड पाण्यात घातलं, डोळे उघडले, गोटे दिसले. मग पाय मारले.

पहिली वीस पावलं बरी गेली. मधे गोटे दिसेनासे झाले, खाली नुसता हिरवा अंधार. तिथे तो पुन्हा भांडायला लागला, हात आपटायला लागला, एक घोट पाणी पोटात गेलं. शेजारून चाललेल्या डोंगीतला, धोंडीबाईच्या छोट्या होडीतला, बांबू हाताशी होता. धोंडीबाईने तो पुढेही केला नाही आणि मागेही घेतला नाही. बळवंतने मानेतला ताठा सोडला. पाण्याने त्याला उचललं. त्याने पाय मारले, थांबला, पुन्हा मारले. त्यात वेग नव्हता, ऐट तर नव्हतीच. काठावर केयूर बाबांच्या पायाचा एकेक फटका मोठ्याने मोजत होता, आणि तो आवाज चिडवण्याचा नाही हे एवढ्या लांबूनही कळत होतं. "अठ्ठावन्न, एकोणसाठ..." एकशे बाराव्या फटक्याला बळवंतचा हात खरखरीत, गार दगडावर पडला.

तो कासवावर चढला आणि उभा राहिला. पोट सुटलेला, अंगावर काटा आलेला, बेचाळीस वर्षांचा माणूस. समोर भाताची कापलेली शेतं, कौलं, आणि काठावर तीन ठिपके हात उंचावून नाचत होते. धोंडीबाईने डोंगी खडकाला लावून आत बसायची खूण केली.

"नको, बाई," तो म्हणाला. "आलो तसाच जातो."

परतीची वाट त्याला छोटी वाटली. पाय तळाला टेकले तेव्हा दीप्ती कंबरभर पाण्यात येऊन उभी होती. तिने त्याचा हात धरला आणि गंभीरपणे त्याच्याकडे पाहिलं.

"बाबा, शेवटी शेवटी मला नीट दिसलं नाही. माझ्या डोळ्यांत पाणी आलं होतं. पुन्हा जाता?"

काठावरून सुमन म्हणाली की अहो, आधी चहा तरी घ्या, गाडी दुपारची आहे. बळवंतने दोन मोठे श्वास घेतले, केस मागे सारले, आणि खडकाकडे तोंड केलं.